पायऱ्या बुजवल्या तो उन्हाळा

परवा बुलढाण्याला एका साखरपुड्याला गेले होते. चैत्र नुकता लागलेला, पण मांडवाखाली बसवत नव्हतं. कोपऱ्यात पाण्याचे निळे जार रांगेनं मांडलेले आणि त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून एक पांढऱ्याशुभ्र केसांचे गृहस्थ बसलेले. हातातला ग्लास उंच धरून ते भोवतीच्या पोरांना सांगत होते, "आमच्या लहानपणी कुठले आले हे जार अन् फिल्टर? बारवेत उतरायचं, ओंजळीनं प्यायचं. अमृत होतं, अमृत! म्हणून तर आम्ही अजून ठणठणीत."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग सवयीनं पायांकडे. म्हाताऱ्या माणसांचे पाय बघायची मला खोड आहे. उजव्या घोट्याच्या वर, रुपयाएवढा, पांढुरका, आत ओढला गेलेला वण होता. तसा वण मी दहा हातांवरूनही ओळखते. अमृताचाच होता तो. गृहस्थ विसरले असतील. त्यांच्या आईनं मात्र महिनाभर तो पाय मांडीवर घेऊन काढला असेल.

जुन्या पाण्याची गोडी गाणारी माणसं मला आवडत नाहीत. हे फार सौम्य झालं. मला त्यांची किळस येते. चैत्र आला की त्यांना कंठ फुटतो, आणि मला तो उन्हाळा आठवतो.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. राज्य नवं, जिल्हा परिषद नवी, आणि मीही शाळेत नवीच. माहेर खामगावचं, घरात नळ. नेमणूक मिळाली ती सुलतानपूरहून दोन-अडीच कोस आत, जिथं बैलगाडीचीही चाकं तक्रार करत. गावाचं नाव मी लिहीत नाही. आसपासच्या दहा गावांनी ते आपलंच समजावं. फारसं चुकणार नाही.

त्या गावचा उन्हाळा मला आधी वासानं आठवतो. तापलेल्या काळ्या ढेकळांचा वास, कडूनिंबाच्या मोहराचा वास, आणि बारवेत उतरताना अंगावर येणारा शेवाळाचा, पारव्यांच्या विष्ठेचा, ओल्या दगडाचा गार वास. फाल्गुनात गावातल्या बाकीच्या विहिरी तळाला जात. मग सगळा गाव या एका बारवेवर. घडीव दगडाच्या पायऱ्या, एक कमान, कमानीतून पुढं चौकोनी विहीर. शेवटच्या पाच-सहा पायऱ्या पाण्यातच असत. वरून पाहिलं तर पाणी हिरव्या बांगडीच्या रंगाचं दिसे. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मलाही गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

त्या पाण्याला गावानं एक क्रम लावून दिला होता. सकाळी पहिला मान सरपंचांचा. त्यांना सगळे दाजीसाहेब म्हणत. पन्नाशीचे, गोरे, गावातली निम्मी जमीन त्यांची. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून ते सात नद्यांची नावं मोठ्यानं घेत, अंग चोळत आणि खळखळून चूळ भरत. चूळ पुन्हा पाण्यातच. त्यानंतर कुणब्यांच्या, माळ्यांच्या बाया उतरत. त्यांनी घोटे बुडवून भरलेल्या घागरी म्हणजे आमचं पिण्याचं पाणी. दाजीसाहेबांच्या सात नद्या आम्ही रोज पीत होतो. आणि दुपार कलली की वरच्या कट्ट्यावर गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया रिकामी भांडी घेऊन बसलेल्या दिसत. त्यांनी पायरीवर पाय ठेवायचा नव्हता. कुणाला दया आली तर वरून त्यांच्या भांड्यात पाणी ओतलं जाई. वस्तीनं धर्म बदलला, त्यांच्या घरांत बुद्धाची तसबीर आली. पाणी मिळायची रीत मात्र गावानं बदलू दिली नव्हती. इतक्या घाण पाण्यासाठी इतकं कडक सोवळं मी पुढं कुठं पाहिलं नाही.

चैत्र अर्धा झाला आणि शाळेतली पोरं गळायला लागली. आज दोन नाहीत, उद्या पाच. मी घरोघर गेले. प्रत्येक घरी तेच चित्र: ओसरीवर बाज, बाजेवर पोर, पोराच्या पायाला फोड, फोडीतून दोऱ्यासारखा पांढरा किडा निघालेला आणि तो बाभळीच्या काडीला गुंडाळून ठेवलेला.

"काऊन आला नाही रे शाळेत?"

"नारू निंगला, बाई."

एवढ्या सहज, जणू दात पडला म्हणून सांगावं. नारू रोज बोटभर बाहेर येतो. तेवढाच काडीला गुंडाळायचा, ओढायचा नाही. तुटला तर आतल्या आत सडतो आणि पाय जातो. महिना-दीड महिना हे चालतं. आया सांगत, "देवीचा कोप हाये, बाई. दर साली निंगते." दर साली! पेरणीच्या तोंडावर घरातली धडधाकट माणसं बाजेवर आडवी, आणि गाव म्हणतं दर साली निघतं. त्या शांतपणाचा मला तेव्हा इतका संताप आला होता, की दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही.

शाळेचं पाणी भरायला कौसाबाई होती. चाळिशीची, विधवा, उंच, हाडापेरानं मजबूत. डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर एक घेऊन चढ चढताना तिच्या चुंबळीची कडही हलत नसे. त्या साली तिच्या डाव्या पायाला दोन नारू निघाले होते, एक घोट्याला, एक पोटरीला. दोन काड्या बांधून ती पाणी भरत होती. मी म्हटलं, "कौसाबाई, चार दिवस बसा घरी." ती म्हणाली, "घरी बसली त आग आग होते, बाई. बारवेत पाय सोडून बसली का जीव थंड होते."

मी ते रोज पाहत होते. दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, ती शेवटच्या कोरड्या पायरीवर बसायची, दोन्ही पाय पाण्यात सोडायची, डोळे मिटायची. चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल होत जायची. मला ते दृश्य आवडायचं. एका थकलेल्या बाईला मिळालेला एवढासा विसावा, असं काहीतरी गोड मी त्या वेळी वहीतही लिहिलं होतं. ती वही मी पुढं जाळली.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सोडून मी तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथं एक तरुण डॉक्टर होता, नुकताच शिकून आलेला, अजून कंटाळलेला नव्हता. मी बाटलीत बारवेचं पाणी नेलं होतं. त्यानं ते काचेच्या पेल्यात ओतलं आणि खिडकीतल्या उन्हात धरलं. पाण्यात धुळीच्या कणाएवढे जीव टुणटुण उड्या मारत होते.

"नारूच्या फोडीवर गार पाणी लागलं की किडा पाण्यात पिल्लं सोडतो," तो म्हणाला. "ती पिल्लं या बारीक किड्यांच्या पोटात जातात. पाणी प्यायलं की किडे तुमच्या पोटात. मग पिल्लं वर्षभर आत वाढतात आणि पुढल्या उन्हाळ्यात पायातून बाहेर. औषध नाही, बाई. पाणी दुपदरी कापडातून गाळा. आणि पाय पाण्यात पडू देऊ नका. पायऱ्या बुजवा, वरून दोरानं पाणी काढा. दोन उन्हाळ्यांत नारू संपेल."

इतकं सोपं होतं. कोप देवीचा नव्हता, पायाचा होता.

परत आले तेव्हा कौसाबाई शाळेच्या रांजणात घागर रिकामी करत होती. मी तिथंच तिला सगळं सांगितलं. शहाणपण आल्याच्या उत्साहात होते मी. सांगता सांगता लक्षात आलं, की तिच्या हातातली घागर तशीच तिरकी राहिली आहे आणि पाणी रांजणाबाहेर सांडतं आहे.

"म्हंजे माह्याच पायातून?" तिनं विचारलं.

मी पुढं होऊन घागर सरळ केली.

"या लेकरायले म्या पाजला, बाई? म्या?"

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं. असंच काहीतरी. तिनं ऐकलं नाही. रांजण आडवा करून सगळं पाणी मातीत ओतलं, लुगड्याचा जुना पदर फाडून त्याची दुहेरी घडी घातली आणि पुन्हा बारवेकडे निघाली. त्या दिवसापासून तिनं पाय पाण्यात घातला नाही. दुसऱ्या कुणाला तरी खालून घागर भरून द्यायला सांगायची आणि वरच्या पायरीवर उभी राहायची. आग असह्य झाली की नुसती दगडाला टेकून ओठ चावायची. विसावा गेला. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तिला कळलं म्हणून.

दाजीसाहेबांनाही कळलं. मी ग्रामसभेत उभी राहून सांगितलं. त्यांनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"बाई, आमी पानी पितो, किडे नाही पित," ते म्हणाले. सभा हसली. ज्यांच्या पायाला काड्या बांधलेल्या होत्या तेही हसले. "या पायऱ्या आमच्या पंज्यानं, आज्याच्या बापानं बांधल्या. त्या बुजवायले सांगता? उद्या म्हनसान, देऊळ पाडा."

मी अर्ज लिहिला. तीन आठवड्यांनी जीपगाडीतून एक साहेब आले. दाजीसाहेबांच्या ओसरीवर पुरणाचं जेवले, स्वतःच्या थर्मासमधलं पाणी प्याले, मग बारवेच्या काठावर उभे राहून शिपायाकडून लाल दवा टाकवली. पाणी जांभळाच्या रंगाचं झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांबद्दल मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "अर्ज तुम्हीच लिहिलात ना? अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं." जीप गेली. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बांगडीच्या रंगाचं.

सरकारी माणसांबद्दलचा माझा आदर त्या जीपमागं उडालेल्या धुळीत बसला, तो पुन्हा उठला नाही.

मग कौसाबाईनं आपल्या परीनं सुरू केलं. पहाटेच येऊन ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकीला म्हणायची, "पाय दाखव." फोड असली तर खाली जाऊ द्यायची नाही, तिची घागर दुसऱ्या कुणाकडून भरून आणवायची. बायकांनी आधी शिव्या दिल्या, मग कुरकूर केली, मग पाय दाखवायला लागल्या. कारण प्रत्येकीच्या घरात बाजेवर एक तरी पोर होतं आणि मनातल्या मनात प्रत्येकीला तिचं पटलेलं होतं. पटलेलं असूनही न बोलणं हा आमच्याकडचा जुनाच आजार, नारूपेक्षाही जुना.

त्या साली दाजीसाहेब आंघोळीला नेहमीपेक्षा लवकर, कौसाबाई यायच्याही आधी, अंधारातच येत. धोतर टाचेपर्यंत सोडलेलं आणि पायात मोजे. वैशाखात मोजे! गावात बोलवा होती, की त्यांनी काही व्रत धरलं आहे. त्यांनी ती बोलवा खोडली नाही.

एका सकाळी मी पाण्याला आले होते. सात-आठ बायका काठावर थांबलेल्या. त्या दिवशी उशीर झालेले दाजीसाहेब काठी टेकत आले. कौसाबाई पायरीवर आडवी बसलेली.

"सरक, कौसे."

"पाय दाखवा, दाजीसाहेब."

पारवे तेवढे घुमत होते.

"कोनाले बोलून राह्यली तू?"

"तुमाले. मोजा काढा अन् पाय दाखवा. चांगला असन त जा खाली."

त्यांनी काठी उगारली. ती हलली नाही. काठी तिच्या शेजारच्या मडक्यावर बसली, खापऱ्या पायऱ्यांवरून गडगडत खाली पाण्यात गेल्या. ती तशीच बसून. म्हणाली, "मडकं फुटलं त फुटलं. मले बी फोडा. पन पाय दाखवल्याबिगर उतरू देत नाही."

दाजीसाहेब तिला ओलांडून जाऊ शकले असते. त्यासाठी एक पाय उचलावा लागला असता. त्यांनी तसा प्रयत्न केलाही, आणि कण्हले. लहान पोरासारखा आवाज निघाला त्यांच्या तोंडून. मोजा सुजेनं इतका ताठ झाला होता, की वीण फाकलेली दिसत होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. सात नद्यांचा धनी, पंज्याच्या पायऱ्यांचा वारस, महिनाभर आपला नारू मोज्यात लपवून आमच्या पिण्याच्या पाण्यात उभा राहत होता. देवीचा कोप गरिबांवर होतो, असं त्यांनीच गावाला शिकवलं होतं. मग स्वतःचा पाय दाखवणार कसे?

ते मागं फिरले. दुपारपर्यंत कौसाबाईला निरोप आला, की उद्यापासून शाळेचं पाणी भरायला येऊ नये. तिच्या जागी कुणी आलं नाही. कुणी यायला तयारच झालं नाही. तीच भरत राहिली.

दाजीसाहेबांना घाई होती. त्यांनी एका माणसाला बोलावून नारू ओढून काढायला लावला. तो तुटला. मांडीपर्यंत पाय सुजला, अंगात ताप भरला. त्यांना गाडीत घालून देऊळगाव राजाला त्यांच्या मेहुण्याकडे नेलं. तिथं चांगला डॉक्टर होता. देवीचा कोप स्वतःवर आला, की माणसं डॉक्टरकडेच जातात.

गावात राहिले उपसरपंच. त्या माणसानं जन्मात कशाला हो म्हटलं नव्हतं. पण नाही म्हणायचंही धाडस त्याच्यात नव्हतं. कौसाबाईनं ते बरोबर हेरलं. ती करीम मिस्त्रींकडे गेली. गावात मुसलमानांची पाच घरं, त्यांत हे गवंडी. त्यांच्या बायकोच्या गुडघ्यातून नारू निघाला होता, तेव्हापासून ती वाकून चालायची.

"बांधून देतो," करीम मिस्त्री म्हणाले. "पानी खाली गेलेलं हाये, तंवर कमानीत भिंत घालून टाकू. पन धोंडे लागतीन मस्त. कोन आनते?"

"आमी आनतो," कौसाबाई म्हणाली.

गावकुसाची जुनी भिंत ढासळून पडलेली होती. तिचे धोंडे बायकांनी डोक्यावरून वाहिले. वैशाखातलं ऊन, पायाखालची माती तव्यासारखी. पुरुष चावडीच्या सावलीत बसून हे पाप की पुण्य याची चर्चा करत होते. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायाही आल्या, दहा-बारा जणी, पुढं वच्छलाबाई. काळी, ठेंगणी, तोंडाची फटकळ. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, कुणी परत जा म्हटलं नाही. धोंड्याला शिवाशिव नसते, हे गावाला गरजेपुरतं आठवलं. सहा दिवसांत कमान बंद झाली, पायऱ्या धोंडे-मुरमानं भरल्या, विहिरीभोवती छातीएवढा कठडा उभा राहिला आणि सुतारानं त्यावर दोन लाकडी चाकं बसवली.

सातव्या दिवशी पाणी काढायला सुरुवात झाली. एका चाकावर कौसाबाई, दुसऱ्यावर पाटलांच्या घरची बाई. चाकाचा कुरकुर आवाज सगळ्यांना नवा होता, पोरं हसत होती. वस्तीतल्या बाया सवयीनं कट्ट्यावर बसल्या. कुणीतरी म्हणालं, "थांबा बायांनो, देतो वतून."

वच्छलाबाई उठली.

"धोंडे वाहाले आमचे हात चालले," ती म्हणाली. "दोर वढाले काऊन नाही चालत?"

सगळ्यांनी कौसाबाईकडे पाहिलं. कौसाबाईनं मान खाली घातली. काठीसमोर न हललेली ती बाई या एका प्रश्नापुढं नजर चोरून दोराच्या गाठी तपासत राहिली. आणि मी? मी तिथंच उभी होते. वर्गात समतेचा धडा नुकताच शिकवला होता. फळ्यावर तो शब्द सुरेख अक्षरात लिहिला होता. त्या दिवशी माझ्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही. दाजीसाहेबांचा मला तिरस्कार वाटतो, साहेबाचा वाटतो. पण त्या सकाळच्या बावीस वर्षांच्या मास्तरणीचा जितका वाटतो, तितका कुणाचाच नाही.

वच्छलाबाईनं आमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं आपली बादली, आपला दोर आणला आणि जिथं चाक नव्हतं त्या बाजूनं कठड्यावरून सोडला. दोर दगडाला घासत होता, तळहात सोलवटत होते. तिनं बादली वर ओढली, घागरीत ओतली आणि पुन्हा सोडली. पाण्याला काही झालं नाही. हिरवं होतं, हिरवंच राहिलं.

गावातली काही घरं तेवढ्यावरून नदीत झिरे खोदून पाणी आणायला लागली. नदी अर्धा कोस लांब, झिऱ्यात वाटीभर पाणी जमायला घटकाभर. धर्म चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी उन्हानं तो संपवला आणि सगळ्या जणी पुन्हा बारवेवर. त्याच दिवशी कौसाबाईनं आपला दोर चाकावरून काढून घेतला, कठड्याच्या मोकळ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "वच्छले, ते चाक रिकामं हाये."

"पाच दिवसांनी दिसलं तुले?" वच्छलाबाई म्हणाली. पण दोर चाकावर टाकला. दोघींत त्यापुढं कधी मैत्री झाल्याचं मी पाहिलं नाही. वैरही पाहिलं नाही.

दाजीसाहेब पावसाळ्यानंतर परतले. पाय वाचला होता, घोटा मात्र आखडला होता. बुजवलेल्या पायऱ्या पाहून ते काही बोलले नाहीत. त्यांना पुढल्या उन्हाळ्याची वाट पाहायची होती. आणि पुढल्या चैत्रात नारू पुन्हा निघाले. दाजीसाहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद दिसला, तो मी विसरणार नाही. पोरं तळमळत होती आणि हा माणूस सभेत खुललेला होता.

"पाहा! पायऱ्या बुजवल्या तरी निंगला का नाही? आमच्या पंज्याचं पुण्य मातीत घातलं या बाईनं. उपसा ते धोंडे."

कौसाबाई मागून उठली. तिचाही पाय अधू राहिला होता, पोटरी सुकलेली. "मागल्या साली पेलं ते यंदा निंगते," ती म्हणाली. "डाक्तरनं तवाच सांगतलं होतं. पुढल्या साली पाहा."

"सालभर पोटात झोपते का किडा?"

"झोपते. तुमच्यावाला बी झोपलाच होता ना, दाजीसाहेब? मंग मोज्यात उठला."

सभा हसली. या वेळी उलट्या बाजूनं. पायऱ्या उघडल्या गेल्या नाहीत. गाव शहाणं झालं म्हणून नव्हे. भरलेले धोंडे उपसून काढायला भर उन्हात कोण जाणार, हा प्रश्न होता. चावडीच्या सावलीतून कुणी उठलं नाही. गावाच्या आळसानं कधी कधी गावाचं भलं होतं, एवढं श्रेय मी त्याला देते.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी हजेरी घेत होते. चैत्र संपला, वैशाख लागला. रोज नाव घ्यायची आणि रोज उत्तर यायचं, "हजर." परीक्षा झाली, निकाल लागला. एकाही पोराच्या पायाला काडी नव्हती. शेवटच्या दिवशी पोरं मैदानात लगोरी खेळत होती, धूळ उडत होती, आणि मी खुर्चीवर बसून नुसते पाय बघत होते. धावणारे, घसरणारे, चिखलमातीचे, फुटक्या टाचांचे, धड पाय. मला रडू आलं. ते पोरांना दिसू नये म्हणून मी हजेरीपटात तोंड घातलं.

त्याच महिन्यात बारवेच्या कठड्यावर संगमरवराचा दगड बसला. फेटे बांधलेली माणसं आली, नारळ फुटला, भाषणं झाली. दाजीसाहेबांनी हार गळ्यात घालून सांगितलं, की गावाला शुद्ध पाणी मिळावं अशी त्यांची फार दिवसांपासून तळमळ होती. टाळ्याही पडल्या. करीम मिस्त्री त्या दिवशी दुसऱ्या गावात कामाला गेले होते. वच्छलाबाईला कुणी कळवलं नव्हतं. कौसाबाई शाळेचं पाणी भरत होती.

मंडळी पांगल्यावर ती घागरी घेऊन आली. दोर सोडता सोडता थांबली, दगडावरून ओला हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहलं हाये, बाई?"

मी वाचून दाखवलं. दाजीसाहेबांचं नाव, नावाआधी श्रीमंत, नावानंतर सरपंच, मग त्यांच्या वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, आणि लोकार्पण.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पायऱ्या पुन्हा कोनी उघडू नोका, असं लिहलं का?"

"नाही."

"गाळून प्या म्हनून?"

"नाही, कौसाबाई. फक्त नावं आहेत."

तिनं दगडाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येवढंच?" ती म्हणाली, आणि बादली खाली सोडली.